आधार आपले, अर्ज दुसऱ्याचा : माहिती फुटल्यावर काय करायचे?

सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, राज्यभरातल्या बायकांच्या खात्यांत पडले होते. खारघरमधल्या एका तरुणीचा अर्ज मात्र भरलाच जाईना. तिच्या आधार क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज केला होता. तिने स्थानिक माजी नगरसेवकाची मदत घेतली, तक्रार पनवेल तहसील कार्यालयापर्यंत गेली आणि धागा निघाला तो थेट सातारा जिल्ह्यात. तिथल्या एका जोडप्याने वेगवेगळ्या बायकांचे आधार क्रमांक वापरून सुमारे तीस अर्ज केले होते. त्यातल्या सव्वीस अर्जांचे पैसे आलेही होते. सव्वीस गुणिले तीन हजार, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. आधार क्रमांक इंटरनेटवर शोधून मिळवल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

आमचे बेलपाडा याच खारघरमध्ये आहे. त्या पावसाळ्यात आमच्याकडेही फॉर्म भरायला रांगा लागल्या होत्या. आम्ही चार-पाच जण मोबाईल घेऊन बसायचो, बायांचे आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक यांचे फोटो काढायचो आणि झेरॉक्स एका खोक्यात टाकायचो. खारघरची बातमी वाचली तेव्हा पहिला विचार त्या खोक्याचा आला. दुसरा विचार आमच्या मोबाईलमधल्या शेकडो फोटोंचा.

चोराला प्रत्येक वेळी हॅकर असावे लागत नाही, हे या प्रकरणातून कळते. आपला बारा आकडी क्रमांक कुठेतरी पडलेला असतो. तो उचलणारा भेटला की झाले. म्हणून हा लेख. माहिती फुटली आहे असे कळल्यावर, किंवा तसा नुसता संशय आल्यावर, काय करायचे ते यात लिहिले आहे. वाचून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसांचे मोबाईल हातात घ्या आणि करून टाका.

आधी पाहा, काय फुटले आहे

"डेटा लीक झाला" एवढ्या वाक्यावर घाबरून उपयोग नाही. कोणती माहिती गेली त्यावर पुढचे सगळे ठरते. मे २०२१ मध्ये डॉमिनोज पिझ्झाच्या भारतातल्या अठरा कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला. त्यात नाव, फोन, पत्ता होता. अशी माहिती गेली की फसवे फोन वाढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून कोणालाही मिळू लागली. तीन कोटींहून अधिक लोकांचा डेटा हाती असल्याचा दावा विकणाऱ्याने केला होता. त्यात पॉलिसीचे कागद होते, क्लेमचे होते, आजारांचे तपशीलही होते. हे जास्त गंभीर. पासवर्ड बदलता येतो, रक्ताचा रिपोर्ट बदलता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिसिक्युरिटी या अमेरिकन कंपनीने सांगितले की ८१.५ कोटी भारतीयांचे आधार आणि पासपोर्टचे तपशील डार्क वेबवर विकायला ठेवले आहेत. त्या डिसेंबरात दिल्ली पोलिसांनी चौघांना अटकही केली.

एवढे आकडे वाचल्यावर आपले नाव कुठल्याच यादीत नसेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. गेलेच आहे असे धरून चाला. ईमेल आयडी कुठल्या लीकमध्ये सापडला ते 'हॅव आय बीन पोन्ड' या मोफत संकेतस्थळावर पाहता येते. ट्रॉय हंट हा ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ ते २०१३ पासून चालवतो. आधार क्रमांक टाकून लीक तपासून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर मात्र जाऊ नका. तपासायला जाल आणि देऊन याल.

पासवर्ड गेला असेल तर काम सोपे आहे. आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो' ईमेलवरच येते. मग बँक, मग तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल ते सगळे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. व्हॉट्सअॅपलाही ती असते आणि सहा आकडी पिन ठेवता येतो. ग्रुपचे अॅडमिन असणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरी तो ठेवाच. अॅडमिनचे खाते गेले की त्याच्या नावाने अख्ख्या वस्तीकडे पैसे मागितले जातात.

आधार : बदलून मिळत नाही, बंद करून ठेवता येते

आधार क्रमांक फुटला म्हणून नवा मिळत नाही. मग हातात काय उरते? बरेच काही, फक्त कोणी सांगत नाही.

'माय आधार' संकेतस्थळावर किंवा 'एम आधार' अॅपवर ओटीपीने आत जा. पहिल्यांदा प्रमाणीकरणाचा इतिहास उघडा. मागच्या सहा महिन्यांत तुमचे आधार कधी, कशासाठी आणि कशाने (अंगठा, ओटीपी, चेहरा) पडताळले गेले ते तिथे दिसते. त्या दिवशी तुम्ही कुठे होता ते आठवा. रेशन घेतले, सिम घेतले, तर ठीक. काही आठवत नसेल तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि १९४७ वर फोन करून तक्रार नोंदवा. तिथेच आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे हेही दिसते. सरकारी योजनेचे, शिष्यवृत्तीचे पैसे आधारवरून येतात तेव्हा ते त्याच खात्यात पडतात. महाडीबीटीवर अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्षाच्या सुरुवातीला हे एकदा पाहावेच. खाते भलतेच दिसले तर शिष्यवृत्ती कुठे गेली हे शोधत समाजकल्याणच्या खेपा घालण्याआधी बँकेत जा.

दुसरी गोष्ट बायोमेट्रिक लॉक. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या वस्त्यांत तिची गरज सगळ्यांत जास्त आहे. बँक मित्राकडे छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे काढतात, त्या पद्धतीला आधार आधारित पेमेंट म्हणतात. तिला एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही येत नाही. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. ठसा चोरता येतो. पश्चिम बंगालमध्ये २०२३ साली जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांच्या नकली प्रती बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणे उघडकीस आली. पनवेल-उरण पट्ट्यात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे, फ्लॅटचे, भाड्याचे करार घरोघरी आहेत आणि प्रत्येकावर अंगठे आहेत. हे कागद एजंटांच्या कपाटांत, पेन ड्राइव्हमध्ये पडून असतात.

लॉक केले की ठसा, डोळ्याची बुबुळे, चेहरा यांपैकी कशानेही तुमचे आधार पडताळले जात नाही. ओटीपी चालू राहतो. हवे तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येते आणि मग ते पुन्हा आपोआप बंद होते. अडचण एकच. रेशन दुकानात अंगठा चालेना झाला की आजी दुकानदाराशी भांडून परत येते. म्हणून ज्यांच्या घरी मोबाईल वापरणारे माणूस आहे त्यांनी लॉक करावे आणि रेशनच्या दिवशी उघडून द्यावे. जी एकटी म्हातारी माणसे निराधार योजनेचे पैसेच अंगठ्याने काढतात त्यांना लॉक करून देऊ नका. त्यांच्या खात्यात किती पैसे ठेवायचे याचा विचार करा आणि दर महिन्याला पासबुक भरून आणा.

तिसरी गोष्ट, देताना कमी द्या. जानेवारी २०१८ मध्ये 'ट्रिब्यून'च्या बातमीदाराने पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळवून दाखवली. त्यानंतर आठवड्याभरात आधार प्राधिकरणाने सोळा आकडी आभासी क्रमांक जाहीर केला. तो आधारच्या जागी चालतो, हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक शोधता येत नाही. शिवाय 'मास्क्ड आधार' डाउनलोड करता येते, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. लॉज, सोसायटीचे गेट, भाड्याची खोली, शिबिराची नोंदणी इथे हेच द्या. याबाबत सरकारचा गोंधळ पाहण्यासारखा होता. २७ मे २०२२ ला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड द्या' असे पत्रक काढले आणि २९ तारखेला सरकारने ते मागेही घेतले. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. पत्रक गेले, पण सल्ला चांगला होता. आजही पाळा.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहा : 'फक्त अमुक कामासाठी, अमुक संस्थेला', खाली तारीख आणि सही. अक्षरे फोटोवरून आणि मजकुरावरून गेली पाहिजेत. कडेला लिहिलेले कापून टाकता येते.

पॅन आणि कर्ज

पॅन चोरीला गेल्याचे वर्षानुवर्षे कळतच नाही. ठाणे जिल्ह्यात आंबिवलीच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या, दिवसाला तीनशे रुपये कमावणाऱ्या एका मजुराला आयकर खात्याची १ कोटी ५ लाख रुपयांची नोटीस आली. जानेवारी २०२० मध्ये ही बातमी सगळीकडे गाजली. नोटाबंदीच्या काळात त्याच्या पॅनवर एका बँकेत ५८ लाख रुपये भरले गेले होते. खाते उघडताना लावलेल्या कागदावर फोटो आणि सही त्याची नव्हती. तीन-चार वर्षे त्याला पत्ता नव्हता.

हे फक्त गरिबांचेच होते असे नाही. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने अभिषेक बच्चन, शिल्पा शेट्टी, धोनी यांच्या नावाने क्रेडिट कार्डे काढली होती, तीही पुण्यातल्या 'वन कार्ड' कंपनीकडून. युक्ती साधी होती. जीएसटी क्रमांक सार्वजनिक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच. जन्मतारीख गूगलवर मिळते. पॅनवर फोटो आपला चिकटवला की झाले. छोटा धंदा करणाऱ्या आपल्या पोरांचे जीएसटी बिल गावभर फिरत असते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. फरक इतकाच की धोनीच्या नावाने कार्ड निघाले तर बातमी होते. आपल्या नावाने निघाले तर वसुलीवाले दारात येतात.

यावर उपाय म्हणजे क्रेडिट रिपोर्ट काढणे. भारतात चार कंपन्या तो ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. चौघींचा मिळून दर तीन महिन्यांनी एक असा फिरवून काढला तर वर्षभर लक्ष राहते. ज्या घरात बाया बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतात तिथे त्यांचाही अहवाल काढा. गटातल्या एकीच्या आधारवर दुसरेच कर्ज चढवण्याचा प्रकार बाईला हप्ता मागायला माणूस आल्यावरच समजतो. मोफत अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. फुकट सिबिल दाखवणारी दहा अॅप असतात, ती बदल्यात तुमचा नंबर कर्ज विकणाऱ्यांना देतात.

अहवालात स्कोअरच्या आकड्याकडे नंतर बघा. आधी तुम्ही न घेतलेले कर्ज आहे का, तुम्ही न केलेली चौकशी आहे का, आणि पत्ता-फोन नंबरांत अनोळखी काही आहे का ते पाहा. कर्जाआधी नुसती चौकशी पडते, म्हणजे चोर दारापर्यंत आला आहे. आक्षेप ऑनलाइन घेता येतो, सोबत कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. आपला अहवाल कोणी पाहिला तर एसएमएस किंवा ईमेल येण्याची सोयही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, म्हणून तिथे आपला चालू नंबर नोंदवलेला असू द्या.

अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्समधूनच १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती फुटली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून कोणालाही आपला क्रेडिट अहवाल फुकट गोठवून ठेवता येतो. गोठवला की नवे कर्ज निघत नाही. आपल्याकडे तसा कायदेशीर हक्क नाही. मागणी करण्यासारखी गोष्ट आहे.

पॅनचा दुसरा आरसा आयकर खात्याच्या पोर्टलवर आहे. तिथल्या वार्षिक माहिती पत्रकात तुमच्या पॅनवर कुठे व्याज मिळाले, कुठे मोठी रक्कम भरली गेली ते दिसते. आयकर भरत नसलात तरी लॉगिन उघडता येते. आंबिवलीच्या मजुराला ही वाट कोणी दाखवली असती तर नोटिशीची वाट पाहावी लागली नसती.

सिम

'संचार साथी' पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झाले. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळते. महाराष्ट्रात एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे. अनोळखी नंबर दिसला की 'हा माझा नाही' हा पर्याय निवडा. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण तेच सगळ्यांत आधी करा. कारण तुमच्या नावावरच्या सिमवरून कोणी फसवणूक केली तर पोलीस पहिल्यांदा तुमच्याकडे येतात, आणि आपल्या वस्तीतल्या पोराला पोलीस ठाण्यात बोलावणे म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

मोबाईलची रेंज एकाएकी गेली आणि शेजारच्याची त्याच कंपनीची चालू असेल तर थांबू नका. तुमच्या नंबरचे दुसरे सिम कोणीतरी काढले असू शकते. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

विमानतळ सुरू झाल्यापासून नोकरीच्या आशेने कागद मागणारे पनवेल परिसरात कमी नाहीत. नेमणुकीचे पत्र नसताना आधार, पॅन आणि कोरा रद्द केलेला चेक मागणाऱ्याला काही देऊ नका. 'तुझे खाते महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि आरोपी म्हणून नाव तुमचे लागते.

पैसे गेले असतील तर

१९३० वर फोन. ताबडतोब, बँकेत जाण्याच्याही आधी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तिथे अडवले जाऊ शकतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि पोचक्रमांक जपून ठेवा.

बँकेला लेखी कळवण्याची घाई यासाठी की रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिवसांचा हिशेब आहे. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाकडून माहिती फुटली आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार, मूलभूत बचत खात्याला पाच हजारांपर्यंत तोशीस. त्यानंतर बँकेच्या मर्जीवर. दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती परत जमा करणे बँकेवर बंधनकारक आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचे काम बँकेचे आहे. काउंटरवर 'तुम्हीच ओटीपी दिला असेल' असे ऐकवले जाईल. दिला नसेल तर तसे अर्जात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. खरेच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, त्यानंतरचा बँकेचा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

पोलिसांत जाताना कलमे माहीत असलेली बरी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ क हे दुसऱ्याची ओळख चोरण्याचे, ६६ ड हे संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करण्याचे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. भारतीय न्याय संहितेचे ३१९ हे तोतयेगिरीच्या फसवणुकीचे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे सांगून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. खारघरच्या त्या प्रकरणात तक्रार पनवेलला झाली आणि माणसे साताऱ्यात सापडली, हे उदाहरण तोंडपाठ ठेवा.

पैसे गेले नसले, नुसती ओळख वापरली गेली असली तरी तक्रार नोंदवा. उद्या वसुलीवाला किंवा नोटीस आली तर 'मी या तारखेलाच कळवले होते' हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

आपल्याकडचे खोके

आता आमच्या खोक्याबद्दल. मी ते घरी नेले आणि एका रविवारी उघडले. आधार, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, दोन घटस्फोटांचे कागद, एका बाईचे एचआयव्हीच्या औषधांचे कार्ड. ते शेवटचे आमच्याकडे का आले होते तेच कोणाला आठवेना. आम्ही कोणाचे वाईट करणार नव्हतो. पण खोके विहाराच्या मागच्या खोलीत, कुलपाशिवाय, तीन महिने पडून होते.

जातीचा दाखला फुटला तर पैसे जात नाहीत, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण भाड्याची खोली शोधताना, नव्या कंपनीत लागताना, जात कोणाला आणि कधी सांगायची हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो आपल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही पाळावा लागेल. 'या मुलीला मदत हवी' म्हणून तिचे आधार, दाखला आणि बँक पासबुक चारशे जणांच्या ग्रुपवर टाकणे बंद करा. मदत मागा, नंबर एका जबाबदार माणसाचा द्या.

आम्ही आता फॉर्म ज्याच्या त्याच्या मोबाईलवर, त्याच्यासमोर भरतो. फोटो आमच्या फोनमध्ये काढावाच लागला तर तो माणूस उठायच्या आत, त्याला दाखवून, कचराकुंडीच्या फोल्डरमधूनही पुसतो. झेरॉक्स ठेवत नाही. सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात स्कॅन केले तर निघण्याआधी त्यांच्या संगणकावरची फाइल पुसायला सांगतो. एक-दोघे चिडतात, पुसतात मात्र.

भरपाईचे काय?

११ ऑगस्ट २०२३ ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून दीड वर्षाची मुदत आहे. त्या लागू झाल्या की माहिती फुटल्यावर कंपनीला प्रत्येक बाधित माणसाला साध्या भाषेत कळवावे लागेल : काय फुटले, कधी, परिणाम काय, तुम्ही काय करावे. सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला छान आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचे नाव फुटले त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यातले निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याचे कलम ४३ अ हाच कायदा काढून टाकतो. हे आपल्या संघटनांच्या निवेदनांत यायला हवे.

जुन्या कायद्याची एक वाट वकिलांनाही फारशी ठाऊक नसते. कलम ४६ प्रमाणे प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा निवाडा अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतच्या दाव्यात भरपाई देऊ शकतो. २०१३ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे सचिव राजेश अगरवाल यांनी पुण्यातल्या एका कारखानदाराच्या खात्यातून गेलेल्या ८० लाखांच्या प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले होते. कारखानदार स्वतः फसव्या ईमेलला भुलला होता, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही. अर्ज मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान विभागाकडे करायचा असतो. सोबत पोलीस तक्रारीची प्रत, बँकेशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि खात्याचा उतारा जोडा.